जुनी गाडी सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

आमच्याकडं १९९९ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, विकायचा विषय निघाला की घरात कुणीच बोलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. तेव्हा ही गाडी गावभागात बंपरपर्यंत पाण्यात दोन दिवस उभी होती. पूर ओसरल्यावर सगळं धुतलं, वाळवलं, ऑइल बदललं, गाडी चालू झाली आणि वर्षभर काय त्रास नव्हता. मग एका सकाळी किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक'. परत फिरवली, परत टक. दुपारी आपोआप चालू झाली. असं चार-पाच महिने चाललं, त्यात मी आधी नवी बॅटरी टाकली, मग सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, खोलून आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) आणि बुश बदलून घेतले, प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि परत तेच.

शेवटी शंभर फुटी रोडला एका वयस्कर वायरमन मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी पान्याला हातच लावला नाही, आधी मीटर काढला, एक वायर बॅटरीच्या मायनसवर धरली, दुसरी इंजिनच्या लोखंडावर आणि म्हणले "मारा सेल्फ". मीटरवर २.३ आलं. म्हणले, "बघा, सव्वादोन व्होल्ट हितंच गेलं, मग सेल्फला काय उरलं?" बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची वायर काढली, वरनं बघायला एकदम चांगली, काळं रबर कुठं चिरलेलं पण नाही, पण थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, जवळ कापली तर आत तांब्याचा नुसता हिरवा भुगा. नवीन वायर टाकली, अर्ध्या तासात काम झालं, आणि आज इतकी वर्षं झाली परत तो प्रॉब्लेम आलेला नाही.

त्या दिवसापासून मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगतोय, कारण आपल्याकडं गाडी सेल्फ घेत नाही म्हणलं की पहिला सल्ला बॅटरी बदला आणि दुसरा सेल्फ बदला. करंट बॅटरीतनं जातो तसा परत पण यायला लागतो, आणि जुन्या गाडीत जास्त करून अडचण त्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच असते. ती कशी शोधायची ते नीट सांगतो, तीनशे-साडेतीनशेचा साधा डिजिटल मीटर आणि १० नंबरचा पाना एवढ्यावर बरंच काम होतं.

सुरू करायच्या आधी एवढं करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, पाना चुकून प्लसवरनं बॉडीला लागला आणि मधे अंगठी असली तर बोट भाजतं, मी बघितलेलं आहे. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट, काडीपेटी अजिबात नको, चार्ज होताना बॅटरीतनं हायड्रोजन निघतो.

आता पहिल्यांदा ठरवा की तक्रार नक्की काय आहे. सेल्फच फिरत नाही, का सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक फोनवर दोन्हीला "गाडी चालू होईना" एवढंच सांगतात. दुसऱ्याचं शेवटी थोडं सांगतो, आधी सेल्फच.

किल्ली फिरवताना कान देऊन आवाज ऐका, बोनेट उघडून दुसऱ्या कुणालातरी किल्ली फिरवायला सांगितलं तर अजून बरं. कट-कट-कट-कट असा पटापट आवाज येत असला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकाचा स्विच) ओढतो, ओढला की व्होल्टेज पडतं, तो सुटतो, परत ओढतो, त्याचा तो आवाज. एकच जोरात टक आणि मग शांत, तर सोलेनॉइडला करंट पोचतोय पण मोटर फिरायला पुरत नाही, इथं जाडी वायर, अर्थिंग, सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन यातलं काहीतरी. अजिबात आवाज नाही, तर किल्लीपासून सोलेनॉइडला येणारी बारकी वायर, इग्निशन स्विच, फ्यूज, रिले (करंटनं चालू-बंद होणारा स्विच) इकडं बघायचं. आणि मोटर घुईंग करून मोकळीच फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (फ्लायव्हीलला जाऊन धरणारा सेल्फचा दातेरी भाग) गेलंय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाल्लेत, ते मेकॅनिकल काम आहे, सेल्फ उतरवावाच लागतो.

मग हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मिणमिणता झाला किंवा विझलाच तर बॅटरी किंवा टर्मिनल. लाइट होता तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ फिरला नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही, बॅटरीला दोष देऊ नका. रात्री रस्त्यात मीटर जवळ नसला तरी ही एक टेस्ट पुरेशी दिशा दाखवते.

बॅटरी मोजायची तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा, चालवून आल्या आल्या मोजली तर आकडा जास्त दिसतो. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली आली तर ती उतरली आहे, आधी बाहेर चार्ज करून घ्या मगच पुढची टेस्ट करा नाहीतर सगळे आकडे फसवे येतील. पण नुसता उभा आकडा बघून बॅटरी चांगली म्हणू नका, सेल्फ मारताना मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, फुल चार्ज बॅटरी त्या वेळी ९.६ च्या खाली जायला नको. गेली तर बॅटरी थकली आहे, पाणी घालायची बॅटरी असेल तर दुकानात ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) बघून घ्या, सहापैकी एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्या बॅटरीचं काय होत नाही. गाडी चालू झाल्यावर पण मोजा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला पाहिजे, तेवढं येत नसलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा, कारण मग नवी बॅटरी टाकून पण महिन्यात तीच गत.

टर्मिनलची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि नीट कुणीच करत नाही. वरनं ब्रश मारून, गरम पाणी ओतून पांढरं-हिरवं घालवतात आणि झालं म्हणतात. करंट जातो तो खुंटी आणि टर्मिनलच्या आतल्या बाजूनं, तिथं काळपट थर असतो, टर्मिनल काढल्याशिवाय तो दिसतच नाही. आधी मायनस काढा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सोडा सेलच्या झाकणातनं आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरनं खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू शिसं चमकेपर्यंत घासा, आधी प्लस मग मायनस असं बसवा, घट्ट करा, हातानं पिळून हललं नाही पाहिजे. त्यानंतर वरनं व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आधी आतनं थापून मग टर्मिनल बसवणारे पण आहेत, तसं करू नका. टर्मिनल ढिलं बसतंय म्हणून मधे पत्र्याचा तुकडा ठोकलेला असेल तर नवीन टर्मिनलच घ्या, स्वस्त असतं.

आता मुख्य गोष्ट, इथं जरा वेळ द्या. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, सुरुवातीच्या झटक्याला त्याहून जास्त. हेडलाइटचा एक बल्ब पाच अँपिअरच्या आत-बाहेर. त्यामुळं वायरमध्ये समजा एक शतांश ओहम एवढाच रेझिस्टन्स आला, तर बल्बला त्याचं काहीच वाटत नाही, पण दीडशे अँपिअरला तिथंच दीड व्होल्ट जातो. म्हणून "लाइट लागतोय म्हणजे वायरिंग बरोबर आहे" हे सेल्फच्या बाबतीत खरं नसतं. आणि मीटरच्या बीपवर वायर चेक करून पण उपयोग नाही, जाड्या वायरीतल्या शंभर तारांपैकी पाचच उरल्या असल्या तरी मीटर बीप देतो. माझ्या गाडीच्या त्या सडक्या वायरीनं पण बीप दिला होता, मी स्वतः दोनदा चेक करून "अर्थिंग ओके" म्हणून पुढं गेलो होतो आणि मग बॅटरीचे चार हजार घातले.

तर वायर चेक करायची ती करंट वाहत असताना, व्होल्टेज कुठं हरवतंय ते बघून. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची छोटी सॉकेट काढून ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक माणूस आत बसवा, तुम्ही सांगितल्यावर तीन-चार सेकंद सेल्फ मारायचा, त्याहून जास्त नको आणि दोन वेळांच्या मधे अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, सेल्फ तापतो.

पहिलं मोजमाप अर्थिंगचं. एक प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीचं टोक, बॅटरीच्या मायनस खुंटीवर, टर्मिनलवर नव्हे, खुंटीच्या शिशावर. दुसरा सेल्फच्या बॉडीच्या किंवा इंजिनच्या उघड्या लोखंडावर, रंग किंवा तेलकट थर असेल तर टोकानं खरवडून. सेल्फ मारा. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट यायला पाहिजे. अर्धा व्होल्ट आला तर काम निघालं, एकच्या वर आला तर तुमचा चोर सापडला. मग तोच प्रोब एकेक टप्पा मागं आणत जा, इंजिनवरनं वायरीच्या थिंबलवर, थिंबलवरनं टर्मिनलवर, आकडा जिथं धपकन कमी होईल तो टप्पा आणि त्याच्या आधीचा टप्पा, ह्यांच्या मधला जोड खराब.

दुसरं मोजमाप प्लसच्या बाजूचं. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरा सेल्फवर जिथं सोलेनॉइडमधनं मोटरला जाडी पट्टी किंवा वायर जाते त्या नटवर. सेल्फ मारायच्या आधी इथं १२ व्होल्ट दिसेल, घाबरू नका, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट अजून जुळलेले नाहीत म्हणून तो दिसतो, मारताना काय येतं ते बघायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत बरं. जास्त आलं तर सोलेनॉइडच्या दोन जाड्या नटांमध्ये वेगळं मोजा, बॅटरीकडनं येणारा आणि मोटरला जाणारा, तिथंच सगळं हरवत असेल तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत.

अजून एक खूण सांगतो जी मला फार उशिरा कळली. सेल्फ जड फिरतोय आणि त्याच वेळी बॅटरीवर ११ व्होल्टच्या वर दिसतंय, तर बॅटरी निर्दोष आहे, तिच्याकडनं कुणी काही मागतच नाही, वाट अडलेली आहे. सेल्फ जड आणि बॅटरी पण ८-९ वर आली, तर एकतर बॅटरी थकली किंवा सेल्फच जास्त ओढतोय.

आपल्या भागात अर्थिंगवर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. २०१९ ला आणि परत २०२१ च्या जुलैत सांगली, मिरजेचा नदीकडचा भाग, पलूस-वाळव्याची गावं, किती गाड्या पाण्यात गेल्या. पुराच्या पाण्यात गाळ असतो, तो वायरीच्या टोकातनं रबराच्या आत चढतो आणि वाळला तरी आत ओल धरून ठेवतो, तांबं हळूहळू सडत राहतं. त्रास लगेच येत नाही, वर्ष-दोन वर्षांनी येतो, तोपर्यंत पूर विसरलेला असतो. जुनी गाडी घेताना पुरात होती का हे कुणी सांगत नाही, पण मायनसची वायर थिंबलपाशी वाकवून बघा, आत करकर लागली, कडक वाटली किंवा हिरवट दिसली तर बदलूनच टाका. नवीन घेताना जुनीपेक्षा बारीक घेऊ नका, थिंबल नुसतं हातोडीनं ठोकलेलं नको, नीट दाबून घेतलेलं पाहिजे, आणि बॉडीला जिथं बोल्ट लागतो तिथला रंग, गंज घासून लोखंड उघडं करा, मग बसवून वरनं ग्रीस. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं इंजिन आणि बॉडीच्या मधे वायर लागतेच, क्लच किंवा इंजिनचं काम झाल्यावर ती लावायची राहिली असं कितीतरी वेळा होतं. अशा वेळी करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधनं परत यायला बघतो, केबल तापून धूर येतो.

आणि हे आधी सांगायला पाहिजे होतं, पुरातनं काढलेल्या गाडीला सेल्फ मारून बघायचा मोह करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीचा मायनस काढा आणि मिस्त्रींना दाखवा.

आता अजिबात आवाज नाही ती केस. सोलेनॉइडवर बारकी वायर येते, तिच्यावर एक प्रोब, दुसरा इंजिनवर, किल्ली स्टार्टला. तिथं काहीच आलं नाही तर मागं जायचं, फ्यूज, इग्निशन स्विचची सॉकेट, डॅशबोर्डखालचे जोड. इथं जुन्या गाड्यांत नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे बाहेरनं बसवलेली सिक्युरिटी सिस्टीम किंवा चोर स्विच, कधीकाळी कुणीतरी वायर तोडून मधे रिले घालून टेप गुंडाळलेली असते, उन्हानं टेपचा चिकटपणा जातो आणि जोड ढिला होतो. ती सिस्टीम वापरात नसेल तर काढून मूळ वायर सरळ जोडून, सोल्डर करून घ्या. ज्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते त्यात डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह ब्लिंक होतंय का बघा, दुसरी किल्ली लावून बघा.

बारक्या वायरीवर करंट येतोय पण ७-८ व्होल्टच, तर स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. अशा गाडीला कधी पाच वेळा किल्ली फिरवल्यावर सेल्फ लागतो, कधी पहिल्याच वेळी. स्विच बदला किंवा चार पायांचा साधा ३० अँपिअरचा रिले घाला, मी वडिलांच्या मित्रांच्या साताऱ्यातल्या गाडीला हेच केलं. किल्लीकडनं येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज घालून वायर, ८७ वरनं सोलेनॉइडला. स्विचवरचा लोड संपतो, सोलेनॉइडला पूर्ण करंट मिळतो. वायर निदान ४ स्क्वेअर एमएमची घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा, फ्यूज न घालता करणार असाल तर करूच नका.

सगळ्या वायरी ठीक, बॅटरी ठीक, मग सेल्फ उतरवायचा. लाकडी दांड्यानं सेल्फच्या बॉडीवर हलकं ठोकल्यावर जर तो लागत असेल तर बहुतेक कार्बन संपलेत, ठोकून दोन-चार वेळा काम भागेल, पण लांबच्या प्रवासाला निघू नका. गाडी थंड असताना चांगला आणि खंबाटकी घाट चढून वर गाडी गरम असताना बंद केली की लगेच सेल्फ जड, अशी तक्रार असेल तर बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आत घासतंय का ते बघायला सांगा, पण त्याआधी परत एकदा अर्थिंग गरम असतानाच मोजा, गरम झाल्यावर खराब जोड अजून खराब होतो. स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फचे नट शॉर्ट करून गाडी चालू करायची सवय कुणाला असेल तर सोडा, गिअरमध्ये राहिली असली तर गाडी अंगावर येते.

सेल्फ चांगला पण दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, हा वेगळा रोग. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून बॅटरीचा मायनस काढून मधे जोडा, दारं बंद, किल्ली काढलेली, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. समजा २०० येतंय, तर दिवसाला जवळजवळ पाच अँपिअर-अवर गेले, ३५ ची बॅटरी चार दिवसांत अर्ध्याच्या खाली. मग एकेक फ्यूज काढत बसा, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघा. जास्त करून गाण्यांचा टेप, डिकीचा दिवा, नाहीतर अल्टरनेटरचा डायोड. मीटर मधे असताना चुकून सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो, नाहीतर मीटरच जळतो.

रस्त्यात अडकलात तर जंपर. प्लस आधी मेलेल्या बॅटरीला, मग चांगलीच्या प्लसला, मग काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, ठिणगी पडली तर तिथं गॅस नको. पाच-दहा मिनिटं दुसरी गाडी चालू ठेवून मग सेल्फ मारा. उसाच्या सीझनला रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रक दोन्ही मदतीला थांबतात, ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, ती चालते, पण मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, तिथनं घेतलं तर तुमच्या गाडीचं इलेक्ट्रिकल जळून जाईल. दोन्ही गाड्यांच्या बॅटरीवर १२ लिहिलंय का, आणि मदतीच्या गाडीला एकच बॅटरी आहे का, स्वतः बघा. धक्का मारून चालू करायची तर इग्निशन ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबून वेग आला की सोडायचा, आणि उताराला करत असाल तर ब्रेक आणि स्टेअरिंग जड लागेल हे चालवणाऱ्याला आधी सांगा.

जंपरची युक्ती निदानाला पण वापरता येते. सेल्फ लागत नसताना जंपरची काळी वायर बॅटरीच्या मायनसवरनं थेट इंजिनला लावा आणि किल्ली फिरवा. लागला की अर्थिंग खराब, मीटर पण नको.

राहिलं ते सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही. इंजेक्शनची गाडी असेल तर किल्ली ऑन केल्यावर मागनं पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद आवाज येतो का ऐका, नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि रिले. डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्लगांना स्पार्क वाटून देणारा भाग) जुन्या गाडीत पावसाळ्यात साताऱ्याजवळ यवतेश्वर-कास बाजूला, नाहीतर ठोसेघरला रात्रभर गाडी उभी केली की कॅपच्या आत ओल धरते, कॅप काढून कोरड्या फडक्यानं पुसा, आतनं केसाएवढी काळी रेघ दिसली तर स्पार्क त्या रेघेतनं पळतोय, कॅप बदला. आणि सेल्फ जड फिरत असेल तर आधी तोच सरळ करा, सेल्फच्या वेळी व्होल्टेज फार पडलं तर कॉइलला पण कमी मिळतं, स्पार्क कमजोर पडतो, आणि मग लोक प्लग बदलत बसतात.

वडिलांच्या गाडीच्या त्या वायरीवर मी दर पावसाळ्यानंतर एकदा मीटर लावतो. यंदा दिवाळीच्या आधी बघितलं, ०.१२ आलं.